एकशे त्रेचाळीस ठीक

बोईट ठीक होता. शनिवारच्या यादीत एकविसाव्या ओळीवर तसं छापलेलं होतं, आणि ती यादी सहदेव नाखवाच्या डाव्या हातात होती. समोरच्या पडद्यावर मात्र बोईट उघडत नव्हता. शहाण्णवच्या ऑक्टोबरातला मंगळवार, सकाळचे साडेदहा. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता. सहदेवने कमांड पुन्हा दिली. अक्षर न् अक्षर तीच, पण या खेपेला जरा हळू, जणू मशीनला मघाशी नीट ऐकू आलं नसावं. मशीनने तेच उत्तर दिलं. मार्च त्र्याण्णवची आवृत्ती काढता येत नाही, फाइलच्या मध्यात भलतंच काहीतरी आहे. मग त्याने आपली स्वतःची तपासणीची कमांड चालवली, गेली चार वर्षं दर शनिवारी चालवायचा ती. तिने बोईटचं नाव छापलं आणि त्याच्यापुढे इंग्रजी अक्षरांत ठीक असा शब्द छापला. पडद्यावर आता दोन्ही उत्तरं एकाखाली एक होती. मरण पावलेल्या माणसाने स्वतःच दार उघडून या बसा म्हणावं तसं त्याला वाटलं, आणि लगेच आपल्याला असलं काहीतरी वाटलं याचीच लाज वाटली.

ठाण्यातल्या त्या बारा माणसांच्या कंपनीत कारखान्यांतल्या वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहीत. गिऱ्हाईक वेगळं तसा प्रोग्रॅम वेगळा, आणि प्रत्येक प्रोग्रॅमची स्वतंत्र रिपॉझिटरी. म्हणजे एक कपाटच म्हणा ना, ज्यात त्या प्रोग्रॅमची आजवरची प्रत्येक आवृत्ती तारीखवार ठेवलेली, कुणी कधी काय बदललं त्याच्या टिपणासकट. अशी एकशे त्रेचाळीस कपाटं सहदेवच्या ताब्यात. पूर्वी त्यांना नुसते नंबर होते. सहदेव आला आणि त्याने त्यांना माशांची नावं दिली. बोईट, निवटा, शिंगाळा, जिताडा, मांदेली. एकशे त्रेचाळीस मासे काही जमेनात, तेव्हा चिंबोऱ्या घेतल्या, कालवं घेतली, होडीचे भाग घेतले, आणि शेवटी चेंदणी कोळीवाड्यातल्या दोन मावश्याही त्यांना न विचारता त्यात घालून टाकल्या. कंपनीचे मालक गुप्तेसाहेब ठाण्याचे जुने सीकेपी, माशांच्या नावाने खूश होणारे. दर शनिवारी यादी टेबलावर आली की विचारायचे, "काय नाखवा, ताजे आहेत ना सगळे?" आणि सहदेव म्हणायचा, "ताजे, साहेब." मग सही व्हायची. सही झाली की पाच टेपांपैकी सगळ्यांत जुनी टेप पुसून तिच्यावर नवी नक्कल उतरवायची. जुन्याची आता गरज काय, सगळं ठीक आहे म्हटल्यावर?

चूक सापडायला त्याला चार मिनिटं लागली, आणि ती कळायला मात्र बराच वेळ लागला. सापडणं आणि कळणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात हेही त्याला तेव्हाच कळत होतं, आणि तेही अर्धवट. ब्याण्णव साली त्याने ही कमांड लिहिली तेव्हा ती चोख होती. प्रत्येक कपाट उघडायचं, प्रत्येक आवृत्ती बाहेर काढून बघायची, आणि मग तपासणाऱ्या प्रोग्रॅमला विचारायचं, झालं का नीट? तो हो म्हणाला तरच ठीक. पण त्याचं बोलणं फार. एकेका कपाटाबद्दल दोन-दोन पानं. चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये गुप्तेसाहेब वैतागले. "नाखवा, एवढं भेंडोळं कोण वाचणार? मला एकेका माशाची एक ओळ दे." म्हणून सहदेवने तपासणाऱ्याच्या मागे आणखी एक छोटी कमांड जोडली. तिचं काम एवढंच, की समोरून जे येईल त्याची फक्त शेवटची ओळ घ्यायची. तपासणाऱ्याच्या तक्रारी वेगळ्या वाटेने यायच्या, त्या त्याने आधीच कचऱ्यात वळवल्या होत्या, कारण त्यांत बारीकसारीक कुरकुरच जास्त असायची. आणि खाली तोच जुना प्रश्न राहिला होता, झालं का नीट? पण प्रश्न आता तपासणाऱ्याला जात नव्हता. तो जात होता शेवटची ओळ उचलून आणणारीला. तिचं काम नेहमीच नीट होत होतं. आत मासा असो की चिखल असो, ती बिचारी इमानाने शेवटची ओळ आणत होती आणि विचारलं की झालं म्हणत होती.

त्याने ती छोटी कमांड काढून टाकली आणि सगळी कपाटं नव्याने तपासायला लावली. निवटा ठीक. शिंगाळा ठीक. जिताडा नाही. तो ओळी खाली सरकताना बघत राहिला. डिस्कचा कुठला तरी कोपरा कधीतरी सडला असणार. मागच्या वर्षी वीज सारखी जायची तेव्हा, किंवा त्याच्याही आधी. एक मावशी ठीक. दुसरी नाही. शेवटी आकडा आला अकरा. सगळ्यांत जुनी टेप लावून पाहिली. ती पाच आठवड्यांपूर्वीची, तिच्यावरही तीच अकरा तशीच. म्हणजे गेले एकशे वीसेक शनिवार तो आत न बघता नकला उतरवत होता, आणि त्यांतल्या कधीपासून तरी सडलेल्याची नक्कल चांगल्यावर, स्वतःच्या हाताने, साहेबांची सही घेऊन. राग यायला हवा होता, पण राग कुणाचा धरायचा हे ठरेना. त्याला सारखं एकच आठवायचं होतं, की चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये आधी काय झालं? आधी ती कमांड जोडली, की आधी कोळीवाडा सोडून डोंबिवलीला राहायला गेलो? बायकोने, रतनने, तिथल्या घराच्या चाव्या पदराला बांधल्या तो दिवस आठवत होता, भेंडोळं टेबलावर आपटलेलं आठवत होतं, पण कुठलं आधी ते जुळेना. आणि ते जुळलं नाही तर आपण काहीच धड सांगू शकणार नाही, असं काहीतरी त्याने मनाशी धरलं होतं. त्याचा याच्याशी काय संबंध, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

लहानपणी तो आईबरोबर बाजारात जाऊन बसायचा. दगडाबाई पाटीतला एकेक मासा उचलायची, अंगठा गालफडात घालून ते वर करायची, आतला लाल रंग बघायची आणि मगच मासा मांडायची. एकदा तो शहाणपणाने म्हणाला होता, "आये, डोलं चकचकीत हायेत की." ती म्हणाली, "डोल्याला काय, कोनी पन पानी मारतंय. गालफड उघडून बग." आपण ती पहिली कमांड लिहिली तेव्हा आईचा तो अंगठाच डोळ्यांपुढे होता, हे त्याने गुप्तेसाहेबांनाही एकदा कौतुकाने सांगितलं होतं. साहेब इतके हसले होते की डबा खाताना त्यांना ठसका लागला होता. ते आठवून आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाखवा, शहाडचं काय?" गुप्तेसाहेब दारात उभे होते. बोईट म्हणजे शहाडच्या कारखान्याचा प्रोग्रॅम, आणि तिथला काटा सकाळपासून बंद होता. त्यांना जुनं मशीन परत लावावं लागलं होतं, आणि त्याच्यावर मार्च त्र्याण्णवचीच आवृत्ती चालणार होती. म्हणूनच तर सगळं उघडकीला आलं. नाहीतर बोईटच्या गालफडाला कोण हात लावायला गेलं होतं?

"टेपवरून काढावी लागेल, साहेब. जुनी टेप आईकडे आहे. सहावी."

"अजून आहे ती तिथे?" साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. शेजारच्या गाळ्याला आग लागली होती त्या वर्षी त्यांनीच नियम केला होता, की एक टेप कंपनीच्या बाहेर, कुणाच्या तरी घरी राहिलीच पाहिजे. तेव्हा सहदेव आईकडेच राहत होता. "मग जा, आण. तीनपर्यंत त्यांना कळवायचंय. बाकी सगळं ठीक?"

"ठीक," सहदेव म्हणाला. त्याने तो शब्द उच्चारला नाही. तो आपसूक बाहेर पडला. साहेब गेले. मागच्या पडद्यावर अकरा नावं तशीच उभी होती, आणि साहेबांनी नुसती मान वळवली असती तरी त्यांना ती दिसली असती.

रिक्षात बसल्यावर मनात गुंता झाला तो झालाच. टेप आईकडे आहे असं आपण म्हणालो खरं, पण आहे का? डोंबिवलीला जाताना आणली होती का परत? नव्या टेपा घेतल्या तेव्हा ती सहावी मोजली होती का? कॅसेटएवढी चपटी वस्तू, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आईच्या हातात दिलेली त्याला स्पष्ट आठवत होती, आई म्हणाली होती, "यात काय हाय?" आणि तो म्हणाला होता, "आमची मासली." पण ते त्र्याण्णव सालचंही असेल. तेव्हा तर दर शनिवारी अशी देवघेव व्हायची. टेप नसली तर? नसली तर सांगावंच लागेल. आणि असली तर? असली तर बोईट तिच्यावरून काढायचा, बाकीचे दहाही गुपचूप काढायचे, त्या छोट्या कमांडचा मागही पुसायचा आणि येत्या शनिवारी खरीखुरी यादी द्यायची. दोन वर्षांचं नवं काम त्यांत नसणार, पण ते कोण मागणार? कुणाला कळलं नसतं. या विचाराने त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचाच घाम फुटला. कोर्टाजवळ रिक्षा अडकली. ऊन मांडीवर येऊन बसलं होतं. आईकडे आपण शेवटचे कधी गेलो, असा एक वेगळाच प्रश्न मधे घुसला. दिवाळीला. म्हणजे जवळजवळ वर्ष झालं? नाही, मध्ये नारळी पौर्णिमा होती, पण तेव्हा रतनला बरं नव्हतं. फोन मात्र चुकवला नव्हता. दर रविवारी, दहा वाजता, मालनकडे. आईकडे कुठला फोन. शेजारच्या मालनचा नंबर, मालन हाक मारायची, आई जायची. "ठीक हायस ना, आये?" "ठीक." कधी आई जाग्यावर नसली तर मालनच सांगायची, "ठीक हायेत त्या, तू काय काळजी करू नको." एकही रविवार चुकला नव्हता. त्याचा त्याला अभिमान होता. रतनही माहेरी सांगायची.

दगडाबाई ओट्यावर सुपात सुकट निवडत बसली होती. ती पाटी घेऊन बाजारात जायची बंद झाली त्याला दोन वर्षं झाली. पाय दुखतात म्हणाली होती. सहदेव समोर जाऊन उभा राहिला. दोन हातांवर.

"कोन?" ती म्हणाली.

"मी, आये."

"सहादेवा! या येलंला? मंगलवार ना आज?" तिचा चेहरा फुलला. ऊन तिच्या तोंडावर होतं, म्हणून ओळखलं नसेल, त्याने स्वतःला समजावलं. "रतन बरी हाय? जेवशील?"

"वेळ नाय. ती टेप आये, पिशवीतली, मी दिलेली. हाय का ती?"

"हाय म्हंजे? तुझी मासली व्हय? कुठं जातेय?" ती उठली. उंबरठा तिने पायाने चाचपून ओलांडला आणि ट्रंकेपुढे बसली. सहदेवचा जीव भांड्यात पडला. ट्रंकेत बापाचे, गोमाजीचे कागद होते, लुगडी होती, रेशनकार्डाची डबी होती. ती एकेक वस्तू उचलत होती, तिच्या कडेवरून अंगठा फिरवत होती आणि बाजूला ठेवत होती. डबी. अंगठा. बाजूला. साबणाचं खोकं. अंगठा. जरा थांबली, पुन्हा फिरवला. "यो का?" तिने साबणाचं खोकं त्याच्यापुढे धरलं, म्हणजे तो जिथे होता असं तिला वाटत होतं तिथे धरलं. पाठीमागचं दार उघडं होतं, घरात भरपूर उजेड होता. खोक्यावर हिरवं पान रंगवलेलं होतं, लांबूनही दिसेल एवढं मोठं.

"ठीक हायस ना, आये?" त्याने विचारलं.

"ठीक," ती म्हणाली. ताबडतोब.

सहदेवच्या चपला काढलेल्या होत्याच. तो पायांचा आवाज न करता भिंतीकडून खिडकीकडे गेला आणि तिथे उभा राहिला. दगडाबाईने खोकं तसंच धरून ठेवलं होतं, मघाच्या भिंतीकडे. भिंतीकडे बघून ती हसत होती, आणि तो काही बोलेल म्हणून वाट पाहत होती. तिच्या दोन्ही बुबुळांवर दुधासारखं काहीतरी होतं. हे कधी झालं? हे त्याने पाहिलं कसं नाही? मागच्या दिवाळीला तिने दोन्ही हात त्याच्या तोंडावरून कितीतरी वेळ फिरवले होते, आणि रतन म्हणाली होती, बघा, किती माया. तो इतका एकटा आणि इतका मूर्ख यापूर्वी कधी झाला नव्हता.

"गेलास कुठं रे?"

"हितं हाय." तो तिच्याजवळ येऊन बसला. "आये, कधीपासना दिसत नाय तुना?"

ती खोकं ट्रंकेत ठेवून म्हणाली, "डावा आधी गेला. मंग उजवा. तसा उजेड कलतो मना."

"मी दर रईवारी इचारतो. सांगितलं का नाय?"

"कुठं सांगू?" तिचा आवाज चढला. "मालनच्या घरान उबं ऱ्हाऊन? तिची सासू खाटेवर, पोरं टीवीसमोर, समदी माज्या तोंडाकडं बगतात. तिथं काय सांगू, का मी आंधली झाली? तू इचारतंस ठीक हाय का. मी बोलते ठीक. नि मालन फोन ठेवते." तिने पदराने नाक पुसलं. "आनि मालनला तर काय दिसतंय? मी तिच्याकडं भिंतीला धरून जाते, तर तिला वाटते पाय दुखतात."

टेप लुगड्यांच्या घडीत सापडली. त्यालाच सापडली. पिशवीवर पट्टी, पट्टीवर त्याचंच अक्षर, एकवीस मे चौऱ्याण्णव. म्हणजे जूनच्या आधीची. म्हणजे हिच्यावर सगळे धड असणार. असणार की असतील? खाडीपासून शंभर पावलांवर, खाऱ्या हवेत, जवळजवळ अडीच वर्षं. पिशवीच्या आत दमटपणा होता, किंवा त्याच्या हातालाच घाम होता. टेप हातात आल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्याला एवढंच सुचलं की ही एकवीस तारखेची, म्हणजे त्या शनिवारी आई या पट्टीकडे बघत होती आणि तिला पट्टी दिसत होती. वाचता येत नव्हती, पण दिसत होती.

"सहादेवा," बाहेरून मालनची हाक आली, "तुझा फोन हाय रे! हापिसातना. कोन गुप्ते बोलतात."

टेप राहते तिथला म्हणून मालनचा नंबर त्यानेच कंपनीत लिहून दिला होता. तो उठला. दगडाबाईही उठली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला; त्याने तो खांदा पुढे केला, आणि दोघं तसेच मालनच्या घरात गेले. सगळं आईने सांगितलं तसंच होतं. सासू खाटेवर, दोन पोरं टीव्हीसमोर, मालन रिसीव्हर पदराने पुसत उभी. फोनला दोरी आखूड होती. भिंतीला टेकूनच उभं राहावं लागत होतं, आणि तिथे उभं राहिलं की सगळ्या घराचं तोंड आपल्याकडे होत होतं. इतक्या रविवारी आपला आवाज या खोलीत आला आहे आणि आपण ही खोली कधी डोळ्यांपुढे आणलीच नाही, असं त्याच्या मनात आलं. रिसीव्हरला खोबरेल तेलाचा वास होता.

"नाखवा? मिळाली का टेप?"

"मिळाली, साहेब."

"वा! सुटलो. मग कळवतो मी शहाडला. ठीक ना सगळं?"

शब्द तोंडात तयार होता. काही करायचं नव्हतं, नुसते ओठ उघडायचे होते. मालनची सासू त्याच्या तोंडाकडे बघत होती, पोरं बघत होती. साहेब म्हणाले असते बरं, फोन ठेवला असता, आणि सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. आईची बोटं त्याच्या खांद्यावर होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिचं तोंड दाराकडे होतं, उजेड होता तिकडे.

"नाही," तो म्हणाला.

"काय? नाखवा, ऐकू आलं नाही."

"ठीक नाहीये, साहेब. दोन वर्षं ठीक नाहीये."

मालनने टीव्हीचा आवाज बंद केला. "काय ठीक नाहीये?" साहेबांचा आवाज बदलला होता. "नीट सांग. पहिल्यापासून सांग."

पहिलं कुठलं ते त्याला अजूनही जुळलेलं नव्हतं. बोईट, ती शेवटची ओळ आणणारी, साहेबांच्या सह्या, दहा वाजताचे रविवार, सगळं एकदम वर आलं. त्याने टेप छातीशी धरली, सगळ्या घरादेखत तोंड उघडलं, आणि जे हाताला लागलं तिथून सुरुवात केली.

"माझ्या आईला दिसत नाही, साहेब," तो म्हणाला.